एकतीस मेनंतरची उमेद

महाराष्ट्रात सरकारी नोकरांच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. साठेक वर्षांपूर्वी खेड्यापाड्यात जन्माची तारीख लिहून ठेवण्याची रीत फारशी नव्हती. बाप पोराला शाळेत घेऊन यायचा, गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज बांधायचे आणि दाखल्यावर १ जून टाकायचे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे ही सगळी मंडळी ३१ मे रोजी एकदमच बाहेर पडतात. मलकापुरात आणि शाहूवाडी तालुक्यात त्या आठवड्यात फेटे बांधले जातात, शाल-श्रीफळ दिले जाते, सहकारी भरल्या डोळ्यांनी भाषणे करतात. बाहेर भाताच्या धूळवाफ पेरण्या उरकत आलेल्या असतात आणि आंबा घाटाच्या बाजूला ढग जमू लागलेले असतात.

सत्काराच्या शेवटी कोणीतरी विचारतेच, “मग सर, आता पुढं काय?” उत्तरेही ठरलेली असतात. आराम करणार, शेतीत लक्ष घालणार, नातवंडांत रमणार. यात चुकीचे काही नाही. फक्त अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात आलेला काळ दोन-चार महिन्यांचा नसतो, वीस-पंचवीस वर्षांचा असतो. नोकरीला लागताना जेवढी पायपीट आणि चौकशी केली, तेवढी या पंचवीस वर्षांसाठी किती जण करतात?

यंदाच्या अंकाचा मुख्य विषय म्हणून संपादक मंडळाने निवृत्तीची तयारी निवडली ती याच प्रश्नामुळे. आशावादी राहा, सकारात्मक राहा, असे सांगणारी भाषणे पुष्कळ झाली. पण निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा माणूस खचतो तो बहुतेक वेळा स्वभावामुळे खचत नाही. महिन्याला हातात किती पडणार आणि दिवसभर करायचे काय, या दोन गोष्टी धूसर असतात, म्हणून तो खचतो. त्या जितक्या लवकर स्पष्ट होतील तितकी उमेद टिकते, असे या अंकाचे म्हणणे आहे.

आधी पैशाचे बोलू. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. त्यानंतर लागलेल्यांच्या वाट्याला अंशदायी योजना आली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला तो याच कारणासाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, असा तिचा गाभा आहे. आपण कोणत्या योजनेत आहोत, आपल्या खात्यात किती जमा आहे आणि वारसाचे नाव बरोबर लागले आहे का, हे सेवेत असलेल्या प्रत्येकाने पन्नाशीआधी कागदावर पाहून घ्यायला हवे. ऑफिसातल्या क्लार्कच्या तोंडी भरवशावर हा विषय सोडू नये.

खरा चटका आहे तो साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, एसटी आणि सहकारी संस्थांमधल्या कामगारांचा. कोल्हापूर जिल्ह्याचा गाडा यांनी ओढला. त्यांची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून येते. तिचे गणित असे: पेन्शनला धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पगार प्रत्यक्षात कितीही असला तरी सर्वसाधारणपणे पंधरा हजारच धरला जातो आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी तर साडेसहा हजार. म्हणजे सगळी तीस वर्षे पंधरा हजारांच्या दराने धरली आणि वीस वर्षांवरच्या सेवेला मिळणारी दोन वर्षांची वाढ मिळवली, तरी आकडा सात हजारांच्या आत राहतो. त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ मध्ये एक हजार ठरली. ती वाढावी म्हणून बुलढाण्यात डिसेंबर २०१८ पासून पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केले. ज्याने आयुष्यभर बॉयलरसमोर उभे राहून काम केले त्याला “सकारात्मक राहा” असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याला आधी पुरेशी पेन्शन हवी. त्यासाठी आवाज उठवणे हाही उमेदीचाच भाग आहे, आणि या मागणीच्या बाजूने हा अंक स्पष्टपणे उभा आहे.

तरीही जे आपल्या हातात आहे ते सोडून चालणार नाही. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी घर वीस हजारांत चालत असेल तर सत्तराव्या वर्षी त्याच घराला चाळीस हजार लागतील आणि ब्याऐंशीव्या वर्षी ऐंशी हजार. दुसऱ्या बाजूला वेळही आपल्यासाठी काम करतो. चाळिसाव्या वर्षापासून दरमहा तीन हजार बाजूला टाकले आणि त्यावर वर्षाला आठ टक्के मिळत गेले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे चौदा लाख चाळीस हजार होतात. हेच पन्नासाव्या वर्षी सुरू केले तर जेमतेम चार लाख. रक्कम तीच, व्याजदर तोच. मधली दहा वर्षे मुलांची शिक्षणे, घराचा स्लॅब आणि पतसंस्थेचे हप्ते यांत निघून जातात, हे खरे आहे. पण त्या दहा वर्षांत हजार-पाचशे जरी बाजूला पडले तरी ते पुढे मोठे होतात.

ज्यांना नोकरीच नाही, त्यांचे काय? मलकापूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर शेणामुताचे, वैरणीचे आणि धारेचे काम बायकाच करतात. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल होते आणि दिवाळीच्या तोंडावर दर फरकाची रक्कम येते. ती आली की फराळ, कपडे, एखादे भांडे आणि उरलेली भिशीत, असा तिचा प्रवास ठरलेला असतो. या फरकातली थोडी रक्कम त्याच बाईच्या नावाने तिच्या म्हातारपणासाठी वळवता येते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत अठरा ते चाळीस वयाच्या आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या कोणालाही जाता येते. साठीनंतर पाच हजारांची पेन्शन हवी असेल तर अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये भरावे लागतात, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. सून घरात आली त्याच वर्षी सासूने तिला बँकेत नेऊन हा अर्ज भरून घेतला, तर त्या घरातल्या लक्ष्मीपूजनाला फार मोठा अर्थ येईल.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण ती इथे लिहायलाच हवी. निवृत्तीचा फंड हातात पडला की दोन-तीन वर्षांत तो मुलाच्या धंद्यात, मुलीच्या लग्नात आणि घराच्या माडीत जातो. पाठोपाठ जमिनीचे बक्षीसपत्रही होते. प्रेमापोटी होते, यात शंका नाही. पण सगळे देऊन मोकळे झालेल्या आईवडिलांना पुढे औषधाच्या पैशासाठी सुनेच्या तोंडाकडे बघावे लागते, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा इथे कामी येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. म्हणून बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्यावी. त्याहून बरे म्हणजे हयातीत मालकी आपल्याकडेच ठेवून मृत्युपत्र करावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तिमाहीला व्याज हातात येते. नियमाप्रमाणे नोकरीतून निवृत्त झालेल्याला साठ वर्षांपर्यंत थांबावे लागत नाही. फंड मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मात्र तो तिथे गुंतवावा लागतो. ही तीन महिन्यांची मुदत पुष्कळांना ती उलटल्यावर कळते.

आता दिवसभर करायचे काय, याबद्दल. यासाठी आंबा घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्यात जायला हवे.

धोंडो केशव कर्वे १८५८ साली त्या जिल्ह्यात जन्मले. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. दोनच वर्षांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. आज राज्य सरकारचा कर्मचारी ज्या वयात शाल पांघरून घरी येतो, तेच हे वय. पुढचा हिशेबही बघण्यासारखा आहे. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, विद्यापीठाचे काम जगाला सांगण्यासाठी ते युरोप, अमेरिका, जपान असे हिंडले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी मंडळ काढले. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. शंभरी गाठली त्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ मध्ये, वयाच्या एकशे चाराव्या वर्षी, ते गेले.

हे सगळे वाचून “ते महर्षी होते, आपण साधी माणसे” असे वाटणे साहजिक आहे. म्हणून त्यांच्या चरित्रातला जरा मागचा भाग पाहावा. विधवा स्त्रियांसाठीचा त्यांचा आश्रम १८९६ चा आहे, म्हणजे निवृत्तीच्या अठरा वर्षे आधीचा. दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि मग पुण्याहून हिंगण्यापर्यंत चालत जाऊन आश्रमाचे बघायचे, असा त्यांचा क्रम होता. पुण्याबाहेरचा तो ओसाड माळ, पावसाळ्यातला चिखल, डोक्यावर लोकनिंदेचे ओझे आणि हातात वर्गणीची वही. १९१४ मध्ये नोकरी सुटली तेव्हा त्यांच्यापुढे रिकामा दिवस उभा राहिला नाही. अठरा वर्षे रोज थोडे थोडे केलेले काम आता पूर्ण दिवस मागत होते, एवढाच फरक पडला.

त्याच जिल्ह्यातल्या गोविलचे गोविंद सखाराम सरदेसाई यांचेही तेच झाले. बडोदा संस्थानात त्यांनी १८८९ ते १९२५ अशी नोकरी केली. राजपुत्रांना शिकवणे, महाराजांबरोबर प्रवास, दफ्तराची कामे हे सगळे सांभाळून ते ‘रियासत’ लिहीत होते. साठीत निवृत्त होऊन ते कामशेतला राहायला गेले आणि तिथून पुढे पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. मराठ्यांच्या इतिहासाचे त्यांचे तीन इंग्रजी खंड प्रसिद्ध होताना तर त्यांनी ऐंशी ओलांडली होती. दोन्ही मुलगे त्यांच्या हयातीतच गेले होते. हे दुःख सोबत घेऊन हा माणूस रोज मोडीचे कागद वाचत बसला.

या दोघांकडून उचलायची गोष्ट छोटी आहे आणि ती कोणालाही जमण्यासारखी आहे. निवृत्तीनंतर जे करायचे ते चाळिशी-पंचेचाळिशीतच थोडे सुरू करावे. तबला शिकायचा असेल तर आठवड्याला एक तास आत्ताच काढावा. काजू लावायचा असेल तर नोकरी असतानाच लावावा, म्हणजे निवृत्तीच्या वर्षी झाड पाच-सहा वर्षांचे होऊन चांगले धरू लागलेले असेल. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ही चाल पुरी करायची असेल तर साठीनंतर एकदम पन्नासेक किलोमीटर पाय साथ देणार नाहीत. रोज पहाटेची फेरी त्याच्या किती तरी आधी सुरू व्हायला हवी. पुरुषांना हे विशेष सांगायला हवे. घरातली बाई कधीच निवृत्त होत नाही. नवरा पूर्ण वेळ घरी आला की चहाच्या फेऱ्या मात्र वाढतात. स्वयंपाकघरातली दोन-चार कामे आपल्या अंगावर घेणे हेही निवृत्तीचे ध्येय असू शकते, आणि त्याने घरातला तणाव जेवढा हलका होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही.

आणि ज्यांना थांबणे परवडतच नाही ते? शाहूवाडीच्या वरच्या खोऱ्यांतून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्यांच्या घरी ही आठवण ताजी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो माणसे निवृत्तीचे वय येण्याआधीच रिकाम्या हाताने गावी परतली. उलट माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळाली, ती एकजूट करून लढल्यामुळे. हमालांसाठी आयुष्य घालवलेल्या डॉ. बाबा आढाव यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, अरुणा रॉय यांच्यासोबत पेन्शन परिषद उभी केली आणि कष्टकऱ्यांसाठी सार्वत्रिक पेन्शनची मागणी लावून धरली. श्रावणबाळ योजनेत आज गरीब वृद्धाला महिन्याला दीड हजार मिळतात. तेवढ्यात एका माणसाचे औषधपाणी तरी निभते का, हे मलकापूरच्या कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारावे.

दिवाळी झाली की नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गर्दी होते. राज्य सरकारचे पेन्शनर बँकेत येतात, यादीत आपले नाव शोधतात आणि समोर सही करतात. कोणी चष्मा विसरलेला असतो, कोणाचा हात सहीला थरथरतो, कोणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. २०१४ पासून हा दाखला आधारवरून डिजिटल देता येतो आणि आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही चालतो. मलकापुरातल्या निवृत्त शिक्षकांनी आणि लिपिकांनी ठरवले तर या महिन्यात रोज दोघे जण बँकेच्या दारात टेबल टाकून बसू शकतील. दाखल्याला मदत होईल, श्रावणबाळचा अडलेला अर्ज वाचून मिळेल, तरुण मुलीला अटल पेन्शनचा फॉर्म भरून मिळेल. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला २०२४ च्या धनत्रयोदशीपासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले आहेत. त्याचे कार्ड कसे काढायचे, तेही तिथेच सांगता येईल. असे टेबल लागणार असेल तर जागा आणि वेळ या अंकाच्या कार्यालयात कळवावी. खुर्च्या, फलक आणि चहा यांची सोय संपादक मंडळ करील.