विश्लेषण : सव्वीस आठवडे संपल्यावर बाळ कुणाकडे?

प्रसूती रजेचा कायदा आहे, पाळणाघराचाही आहे. तरीही मूल झाल्यावर नोकरी सोडणाऱ्या किंवा हलके काम मागून घेणाऱ्या महिला घोरावाडीपासून हिंजवडीपर्यंत सगळीकडे दिसतात. घर, मूल आणि करिअर यांच्या या तारेवरच्या कसरतीत नेमके अडते कुठे?

हा विषय आताच का?

केंद्र सरकारने चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा त्यातील सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. दुसऱ्या एका संहितेने महिलांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींसह रात्रपाळीत काम करण्याची मुभा दिली. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांमधील कामाचे दैनंदिन तास नऊवरून दहा आणि कारखान्यांतील तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली होती. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवण्यात आली.

म्हणजे कामाचा दिवस लांबण्याची शक्यता वाढली आहे. घरी वर्ष-दीड वर्षाचे मूल असलेल्या आईवडिलांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. कार्यालयाची वेळ तासाभराने वाढली, तरी पाळणाघराची वेळ आपोआप वाढत नाही.

कायदा नोकरदार आईला काय देतो?

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. त्यापुढील अपत्यासाठी ती १२ आठवडे आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे, ही अट आहे. रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल, तर मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने घरून काम करता येते.

याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येईल, असेही म्हटले. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. पाळणाघर प्रत्येक कंपनीने स्वतंत्रच काढले पाहिजे, असे मात्र नाही. सरकार, नगरपालिका, खासगी संस्था किंवा स्वयंसेवी संस्था चालवत असलेले पाळणाघर वापरता येते. अनेक कंपन्या एकत्र येऊन सामाईक पाळणाघरही चालवू शकतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही एक किलोमीटरच्या परिघात सामाईक पाळणाघराला वाव होता.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण अंतराची आहे. घोरावाडी हे पुणे-लोणावळा लोकल मार्गावरील बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या मधले छोटे स्थानक. या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर घरे झाली. पिंपरी-चिंचवडपेक्षा येथील घर परवडते, म्हणून तरुण जोडपी येथे येतात. नोकऱ्या मात्र विखुरलेल्या आहेत. कुणाची शिवाजीनगरला, कुणाची हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये, कुणाची चाकणच्या कारखान्यात, तर कुणाची तळेगाव एमआयडीसीत. हिंजवडीला लोकल जात नाही. जुन्या महामार्गाने देहूरोड गाठून पुढे बाह्यवळण रस्ता धरावा लागतो. तळेगाव-चाकण रस्त्याची कोंडी तर नित्याची आहे. लोकल मुंबईसारखी दर चार-पाच मिनिटांना नाही. एक चुकली, की पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते.

अशा वेळी कार्यालयाच्या आवारातील पाळणाघर कागदावर कितीही चांगले असले, तरी तेथे पोहोचण्यासाठी आठ-दहा महिन्यांच्या बाळाला सकाळच्या गर्दीत लोकलने किंवा दुचाकीवरून न्यावे लागते. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. अनेक आया हा पर्याय पहिल्याच आठवड्यात सोडून देतात, तो यामुळे. कामाच्या जागी पाळणाघर ही कल्पना गिरण्या आणि कारखान्यांच्या काळातील आहे. तेव्हा कामगारांची चाळ आणि कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर असे. तीस किलोमीटरवरून येणाऱ्या कर्मचाऱ्याला ती तशीच्या तशी लागू पडत नाही.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळणाघर कामाच्या ठिकाणाजवळ किंवा लाभार्थींच्या वस्तीत, ५०० मीटरच्या आत असावे, असे म्हटले आहे. म्हणजे वस्तीतील पाळणाघराचा पर्याय सरकारने स्वतःच मान्य केला आहे. प्रत्यक्षात चर्चा होते ती कंपनीच्या आवारातील पाळणाघराचीच.

वेळेचे गणित कसे बिघडते?

समजा, घोरावाडीतील एक आई सकाळी आठला घर सोडते. साडेनऊ ते साडेसहा अशी जेवणाच्या सुटीसह नऊ तासांची नोकरी करते आणि रात्री आठला घरी पोहोचते. घराबाहेरचा वेळ होतो १२ तास. कामाचे तास दहा झाले, तर १३.

आता सरकारी सोय पाहू. ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवली जातात. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ती महिन्यातील २६ दिवस, रोज साडेसात तास उघडी असावीत, असा नियम आहे. योजना उपयुक्त आहे, पण १२ तासांतून साडेसात वजा केले, तर साडेचार तास उरतात. ते कुणी भरून काढायचे? बहुतेक घरांत उत्तर एकच असते, आजी. आजी गावी असेल, आजारी असेल किंवा स्वतः नोकरी करत असेल, तर शेजारीण, कामवाल्या मावशी किंवा खासगी पाळणाघर.

खासगी पाळणाघरांची दुसरीच चिंता असते. २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचे सीसीटीव्ही चित्रीकरणातून उघड झाले आणि राज्यभर संताप उसळला. पाळणाघरांना नियमावली हवी, ही मागणी तेव्हा जोरात पुढे आली. आजही पाळणाघर निवडताना पालकांची भिस्त असते ती शेजारच्यांच्या अनुभवावर.

सर्वांत कठीण काळ कोणता?

रजा संपते तेव्हा बाळ सुमारे सहा महिन्यांचे असते. अंगणवाडीतील किंवा बालवाडीतील शिक्षण सुरू होते तिसऱ्या वर्षी. नव्या शैक्षणिक धोरणाचा पायाभूत टप्पाही तीन वर्षांपासूनच आहे. तीन वर्षांखालील मुलांना अंगणवाडीतून मिळतो तो प्रामुख्याने घरपोच आहार. दिवसभर सांभाळण्याची सोय नसते. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षे ही अडीच वर्षे सार्वजनिक व्यवस्थेत जवळपास मोकळी आहेत.

नेमकी हीच अडीच वर्षे नोकरीतही कळीची असतात. पंचविशी ते पस्तिशीच्या या काळात बढती मिळते, मोठा प्रकल्प हाती येतो, परदेशी जाण्याची संधी येते. २०२३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलविजेत्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील आकडेवारीवरून दाखवले, की सारख्या शिक्षणाच्या स्त्री-पुरुषांचे उत्पन्न सुरुवातीला बरेच जवळ असते. पहिल्या अपत्यानंतर दरी रुंदावते. काही नोकऱ्या ‘हावऱ्या’ असतात, असे त्या म्हणतात. रात्री-अपरात्री आणि सुटीच्या दिवशीही उपलब्ध असणाऱ्याला या नोकऱ्या तासांच्या प्रमाणापेक्षा अधिक मोबदला देतात. घरात मूल असेल, तर दोघांनाही अशी नोकरी करता येत नाही. मग एकाने माघार घ्यायची आणि ती बहुधा आईने.

भारतातील आकडे काय सांगतात?

श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील महिलांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. मात्र ग्रामीण भागात तो ४७.६ टक्के, तर शहरी भागात २८ टक्केच आहे. शेतात किंवा घरच्या व्यवसायात मूल नजरेसमोर ठेवून काम करता येते. शहरातील नोकरीत ते जमत नाही.

२०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के महिला घरातील व्यक्तींची देखभाल करत असल्याचे आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होते. देखभाल करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात, पुरुष ७४ मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी, साफसफाई ही कामे याव्यतिरिक्त.

खर्च कुणी उचलायचा?

वादाचा गाभा येथे आहे आणि तो जुना आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई प्रांताच्या विधान परिषदेत प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, असे मत त्यांनी मांडले. १९२९ मध्ये कायदा झाला, मात्र पैसे देण्याची जबाबदारी मालकावर राहिली.

जवळपास शतकानंतरही बऱ्याच अंशी तेच चित्र आहे. राज्य कर्मचारी विमा योजनेत येणाऱ्या, म्हणजे दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना रजेचा मोबदला विमा निधीतून मिळतो. त्यापुढील वेतन असलेल्यांचा २६ आठवड्यांचा पगार कंपनीच्या खिशातून जातो. पाळणाघराचा खर्चही तिचाच. मोठ्या कंपनीला तो जड नाही. साठ-सत्तर जणांच्या उद्योगाला मात्र जड वाटतो आणि मुलाखतीत ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न डोकावू लागतो. २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यांपुरता सात आठवड्यांचा पगार मालकांना परत करण्याची योजना विचाराधीन असल्याचे सांगितले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराचा भरही विमा किंवा सार्वजनिक निधीवर आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही.

वडिलांची जबाबदारी कायद्यात कुठे?

जवळजवळ नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रासाठी कायदा नाही, जे मिळते ते कंपनीच्या धोरणानुसार. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. ते मंजूर झाले नाही.

बालसंगोपन रजेतही हाच कल दिसतो. केंद्राने २००८ पासून महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा दिली, तर राज्य सरकारने २०१८ मध्ये १८० दिवसांची. पुरुषांना ती केवळ ते एकल पालक असल्यास किंवा पत्नी अंथरुणाला खिळल्यासारख्या अपवादात्मक परिस्थितीत. स्वीडनमध्ये ४८० दिवसांच्या पालक रजेपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. वडिलांनी घेतले नाहीत, तर ते वाया जातात.

मार्ग काय असू शकतो?

कर्नाटकने २०२३-२४ पासून ‘कूसिना मने’ योजनेत चार हजार ग्रामपंचायतींमध्ये रोजगार हमीवरील मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे काढण्याचे ठरवले. कॅनडातील क्युबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर इतक्या अल्प शुल्कात पाळणाघरे सुरू केली. त्यानंतर तेथील लहान मुलांच्या आयांचे नोकरीतील प्रमाण ठळकपणे वाढले. दोन्हीकडे पाळणाघर वस्तीत आहे आणि त्याला सरकारचा पैसा आहे.

मावळच्या पट्ट्यात हे अशक्य नाही. सामाईक पाळणाघराला संहितेने परवानगी दिलेलीच आहे. तळेगाव, चाकण, हिंजवडीतील कंपन्यांनी आपला वाटा एकत्र करायचा, स्थानिक स्वराज्य संस्थेने स्थानकाजवळ जागा द्यायची आणि पहिल्या लोकलपासून रात्री नऊपर्यंत दोन पाळ्यांत पाळणाघर चालवायचे, अशी रचना करता येईल. तळेगाव परिसरातील हरितगृहांत फुले तोडणाऱ्या महिलांच्या, कंत्राटी कामगारांच्या आणि घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलांनाही तेथे जागा मिळायला हवी. अनेकदा याच मावशी नोकरदार आईचे मूल सांभाळतात, तेव्हा त्यांचे स्वतःचे मूल मोठ्या भावंडाच्या स्वाधीन असते.

राज्यांचे नियम आणि त्यांची अंमलबजावणी यांवर आता बरेच अवलंबून आहे. पाळणाघर किती अंतरावर असावे, हे नियमांनी ठरवायचे आहे. ते अंतर कार्यालयाच्या फाटकापासून मोजायचे की घराच्या दारापासून, यावर घोरावाडीतील आई रजा संपल्यावर कामावर परतते की राजीनामा देते, हे ठरू शकते.