कासिनेत "विशेष काही नाही"?

फ्लॉरेन्सला जाऊन आलेलं कुणी कोल्हापूरकर भेटलं की मी हमखास विचारतो, "कासिने पाहिलंत?" उत्तर ठरलेलं. "हो तर! आपल्या राजाराम महाराजांची छत्री पाहिली, फोटो काढले." आणि बाग? "बागेत काय, झाडंच झाडं. विशेष काही नाही."

इथे माझं डोकं फिरतं!

हे राजाराम महाराज म्हणजे शाहूंचे चिरंजीव नव्हेत, शाहूंच्या आधीचे. इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, कासिनेच्या टोकाला, त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये तिथे छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा; आपला नवा राजवाडाही त्याचाच.

अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण मंडळी, एक सांगा. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. राजधानीला लागून, ऐन संगमावर, चिता रचण्याइतकी मोकळी जागा उरली कशी?

उरली, कारण शेकडो वर्षं तिथे कुणी घरं बांधली नाहीत. सोळाव्या शतकात ही मेदिची घराण्याची शेती आणि शिकारीचं रान. कासिना म्हणजे दूधदुभत्याची वाडी, नाव त्यावरूनच. अठराव्या शतकात ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दोने सणासुदीला लोकांना आत सोडायला सुरुवात केली. १८६९ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. म्हणजे महाराजांना अग्नी दिला तेव्हा ती शहराची होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

"पण झाडांना कसला इतिहास?" असं मला एकाने ऐकवलं. अहो, नदीकाठाने तीनेक किलोमीटर पसरलेली ही सदाहरित ओक, एल्म, लिंडेन, पॉप्लरची झाडी हाच तर इतिहास! एका कुरणाला तर तिथल्या मोठ्या ओकवरूनच नाव पडलंय. १८१९ मध्ये शेलीला पश्चिम वाऱ्यावरची कविता सुचली ती फ्लॉरेन्सजवळच्या आर्नोकाठच्या रानात. १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो कोपली तेव्हा हा सगळा पट्टा पाण्याखाली गेला, इथल्या रेसकोर्सवरचे घोडे बुडाले. तरी आज तिथे बागच आहे, कॉलनी नाही.

छत्री हा त्या बागेचा शेवटचा अध्याय आहे. आपण पुस्तक न वाचता शेवटच्या पानावर स्वतःचं नाव शोधतो आणि "वाचलं" म्हणून सांगतो.

तेव्हा पुढच्या वेळी टॅक्सीने थेट छत्रीपाशी उतरू नका. शहराच्या बाजूने आत शिरा, तासभर झाडांखालून चाला. नरसोबाच्या वाडीला संगमावर थांबतो तसे दोन नद्यांपाशी थांबा.

मग खुशाल फोटो काढा.