देवळाच्या पायऱ्या आणि मोबाईलवरचे गुरू

अलीकडे देवस्थानांच्या सभांतून एक तक्रार वारंवार कानी येते. तरुण मंडळी अपंगत्व, स्वमग्नता, अवधानाचे दोष अशा गहन विषयांचे ज्ञान मोबाईलवरून घेतात. आणि तेही वैद्यांकडून किंवा पंडितांकडून नव्हे, तर चाकाच्या खुर्चीतून, काठीच्या आधाराने वा बोटांच्या खुणांनी बोलणाऱ्या, स्वतःचे जिणे स्वतःच चित्रित करून लोकांपुढे मांडणाऱ्या माणसांकडून! हे ज्ञान नव्हे, प्रदर्शन होय, असा त्या तक्रारीचा सूर असतो. आम्हांस तो मुळीच मान्य नाही.

आजवर या विषयात आमचे गुरू होते तरी कोण? मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही, की पूर्वजन्मीचे पातक सांगणारे शेजारी पहिले. मग कौल, मग नवस, आणि शाळेचे वय उलटून गेल्यावर डॉक्टर. कौलावर आमची श्रद्धा आहे. तथापि ती गेलेली वर्षे त्या मुलास कोण परत देणार? पंडितांचे म्हणाल, तर स्वमग्नतेचे मूळ आईच्या कोरडेपणात आहे, असे ब्रूनो बेटेलहाइम या विद्वानाने १९६७ सालच्या ग्रंथात मांडले. त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी हे मत खोडून काढले होते. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण स्वमग्न मुलाचे वडीलही होते. पुढे १९८६ साली टेम्पल ग्रँडिन यांनी स्वतःच्या स्वमग्न आयुष्याचे कथन प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे जगाला कळले, की आतून बोलणारा साक्षीदार इतकी वर्षे कोणी बोलावलाच नव्हता.

आजचे मोबाईलवरचे बोलणारे त्याच परंपरेतले आहेत. त्यांच्यात उथळ कोणी नाहीत असे नव्हे. दोन मिनिटांचे चित्र पाहून स्वतःच रोगनिदान करून घेणारेही आहेत, त्यांनी वैद्याकडे जावे हे उत्तम. परंतु निदान वैद्य करील. जगणे कसे असते हे जगणाराच सांगेल. आरतीच्या वेळी घंटा, झांजा, नगारा आणि वर ध्वनिक्षेपक असा कल्लोळ उठतो, तेव्हा कानांवर हात दाबून किंचाळणारे मूल आपण पाहिलेले असते. आपण त्यास अवखळ म्हणतो, आणि आईला बाहेर जाण्याची खूण करतो. त्या आवाजाने प्रत्यक्ष वेदना होते, हात झटकणे ही स्वतःला सावरण्याची धडपड असते, हे कित्येक स्वमग्न तरुणांनी आपल्या तोंडाने सांगितले आहे. ऐकल्यावर करावयाचे काय? ध्वनिक्षेपक थोडा उतरवावा, सकाळची एक वेळ वाद्यांवाचून ठेवावी. देवाचे यात काय उणे होणार?

पायऱ्यांची गोष्ट याहून कठीण आहे. “आम्ही चौघे उचलून नेऊ की,” हे उदार उत्तर प्रत्येक महाजनापाशी तयार असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी यांना मुंबईत खार येथील विवाह नोंदणी कार्यालयात, लिफ्ट नसल्याने, असेच उचलून वर न्यावे लागले. ऐन विवाहाच्या दिवशी हातांवरून नेले जाण्यात किती भीती आणि किती मानहानी असते, ते त्यांनी समाजमाध्यमावर लिहिले, आणि उपमुख्यमंत्र्यांस खेद व्यक्त करावा लागला. तो मजकूर वाचलेला मनुष्य पुन्हा “उचलून नेऊ” असे सहज म्हणणार नाही.

शिवाय २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक उपयोगाच्या वास्तूही आल्या आहेत. नियम जून २०१७ मध्ये निघाले, जुन्या इमारतींसाठी पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्येच सरली. आमच्या किती देवळांनी उतरण बांधली? संगमरवर मात्र पुष्कळ बसला!

अपंगांचा गौरव आम्ही करीत नाही असे नाही. गुलाबराव महाराजांना प्रज्ञाचक्षू म्हणून आम्ही हात जोडतो. त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे कोणी लागत असेल, हे मात्र कोणाच्या मनात येत नाही. इतरांस स्फूर्ती मिळावी एवढ्याचसाठी आम्ही जन्मलो नाही, असे ऑस्ट्रेलियातील स्टेला यंग या अपंग लेखिकेने २०१४ च्या आपल्या व्याख्यानात ठणकावले होते. २०१५ च्या अखेरीस ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे आला, तेव्हाही अनेक अपंगांनी हेच म्हटले, की दिव्यत्व नको, दार उघडा.

आता पावसाळा सरला की ठिकठिकाणी जीर्णोद्धाराचे नकाशे समितीपुढे येतील. ते मंजूर होण्याआधी गावातील चाकाच्या खुर्चीवरचा एक भक्त, एक अंध भक्त आणि स्वमग्न मुलाची एक आई यांना सभेस बोलवावे, आणि पहिले बोलणे त्यांचे असावे. ती माणसे कोण, हे समितीस ठाऊक नसेल, तर तरुणांना विचारावे; त्यांच्या मोबाईलवर ती केव्हाचीच बोलत आहेत.