घर-प्रपंच : जुनी मोटारसायकल घेताना आधी पुस्तक, मग इंजिन



धान चुरून झाले, विकून झाले आणि चुकारा हाती आला की आपल्याकडे बऱ्याच घरांत एक विषय निघतो : "एखादी जुनी गाडी पाहावी काय?" हा विषय चैनीचा नाही. वरठीच्या कारखान्यात पाळीने जाणारा कामगार असो, चिखला-डोंगरी बुजरुकच्या मॅंगनीज खाणीवरचा मजूर असो किंवा साकोली-लाखनीकडे सेंट्रिंगच्या कामावर जाणारा मिस्त्री असो, कामाची वेळ एस.टी.च्या वेळेशी जुळत नाही. नवीन गाडीची किंमत आवाक्याबाहेर जाते आणि हप्त्याची भीती वाटते. मग कुणी पाहुणा, कुणी दलाल दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी दाखवतो आणि घरातली शिल्लक, कधी बचत गटाचे कर्जही, एका दुपारी त्याच्या हाती जाते.

आपण गाडी पाहतो कशी? किक मारतो, अ‍ॅक्सिलरेटर पिळतो, टाकीची चमक पाहतो आणि "आवाज बरा आहे" म्हणून सौदा करतो. वास्तविक क्रम उलटा हवा. आधी पुस्तक, मग सांगाडा, मग ब्रेक-टायर, त्यानंतर इंजिन आणि सगळ्यांत शेवटी रंग. बिघडलेले इंजिन पैसे घालून दुरुस्त होते. बिघडलेले कागद मात्र कधी कधी पैसे घालूनही दुरुस्त होत नाहीत.

पुस्तकात काय पाहावे?

मूळ आर.सी. (जुने पुस्तक किंवा आताचे कार्ड) हातात घ्या. झेरॉक्सवर सौदा करू नका. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक आकडा लावून पाहा. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या भागावर. तिथे घासल्याची, पुन्हा ठोकल्याची किंवा ताज्या रंगाची खूण दिसली तर चहा पिऊन घरी यावे. चोरीचा माल चोरीचा आहे हे ठाऊक असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. आपल्याला ठाऊक नव्हते असे ठरले, तरी गाडी पोलीस घेऊन जातात आणि पैसे बुडतात. पंचशीलातले दुसरे शील आपण विहारात म्हणतो. फार स्वस्त मिळणारी बिनकागदाची गाडी नाकारणे म्हणजे ते शील बाजारात पाळणे होय.

गाडीचा नंबर सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे की नाही ते दिसते. वाहतूक पोलिसांची ई-चलने थकली आहेत का तेही पाहावे. घरातल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला हे काम सांगा, पाच मिनिटांचे आहे. बोजा असेल तर फायनान्सवाल्याचे ना-हरकत पत्र आणि त्याच्या सहीचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय इसारही देऊ नये.

पुढची गोष्ट वयाची. खाजगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षे चालते. नंतर गाडी आर.टी.ओ.कडे नेऊन, तपासून घेऊन, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले आणि २० वर्षांपलीकडच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर आहे आणि उशीर झाला असेल तर दंडही लागतो. "मुदत संपली आहे, पण कोणी पाहत नाही," असे विकणारा म्हणाला तर हा सगळा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, तीही पाहावी.

आपला जिल्हा मध्य प्रदेशाला लागून आहे. तुमसरकडे बालाघाटची 'एम.पी. ५०' नंबरची गाडी विकायला आली तर नवल नाही. अशा गाडीला तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८ लागतो. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल तर इथला कर भरून 'एम.एच. ३६' नंबर घ्यावा लागतो. हे धरले की स्वस्त वाटणारी गाडी पुष्कळदा स्वस्त राहत नाही.

नावावर का करायची?

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आपल्याकडे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, चावी घेतली की व्यवहार संपला असे मानतात. दुसऱ्याच्या नावावरची गाडी वर्षानुवर्षे चालते. कुठे तर पुस्तकावरचा मालक वारलेला असतो आणि गाडी त्यानंतर तिसऱ्या हातात असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५० सांगते की, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. मालक मयत असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून आधी आपल्या नावावर करावी, मगच विकावी. मयताच्या जुन्या कोऱ्या सह्यांवर विश्वास ठेवू नये.

हे न केल्याने काय होते? विकणाऱ्याचे आधी पाहू. एक कार हातोहात विकली गेली, पण पुस्तकावर पहिल्याच मालकाचे नाव राहिले आणि अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे आपण विकलेली गाडीही नावावरून उतरेपर्यंत आपल्या मानेवर असते.

घेणाऱ्याचे तर त्याहून कठीण. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेता येतो. पण तो पुस्तकावर नाव असलेल्या आणि लायसन्स असलेल्या मालकालाच लागू होतो. दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवताना समोरच्याची चूक असेल तर त्याच्या विम्यातून भरपाई मागता येते. परंतु रात्रपाळीहून येताना रानडुक्कर आडवे आले, गाडी गिट्टीवर घसरली तर कोणाकडे मागायचे? कर्नाटकातील एक माणूस मागून आणलेल्या मोटारसायकलवर बैलगाडीला धडकून मरण पावला. कोणाची चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली वारसांनी दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो मानला नाही. गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे न्यायालयाचे म्हणणे. घरातला कर्ता गेल्यावर बाईने पोराबाळांना घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि शेवटी "गाडी नावावर नव्हती" एवढेच ऐकावे, हे आपल्या घरात होऊ नये.

म्हणून गाडी जो रोज चालवतो त्याच्याच नावावर करा. ती चालवत असेल तर तिच्या नावावर करा. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने गाडीबरोबर येतो. तरी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपले नाव लावावे आणि वैयक्तिक अपघात विमा स्वतःचा वेगळा घ्यावा. पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. काही भाग नाव लागेपर्यंत राखून ठेवावा, तसे दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे.

गाडी कशी तपासावी?

सकाळी, उजेडात, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन जा. पोचल्याबरोबर सायलेन्सरजवळ हात धरा. गरम लागला तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली आहे. थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिन किती किकमध्ये उठते, यात खरे कळते.

मधल्या स्टँडवर उभी करून पुढचे चाक उचला. हँडल हळू फिरवा. मधोमध अडकले तर कोनसेट गेला. मागचे चाक आडवे हलवून पाहा. खडखडले तर बुश किंवा बेअरिंग खराब. मागे बसून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहा. धानाची पोती वाहिलेल्या गाडीचा सांगाडा जोडाजवळ तडकतो. वेल्डिंगची नवी खूण दिसली तर ती गाडी सोडून द्यावी. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेल ओघळले असेल तर सील गेले.

टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. २२१९ असेल तर तो २०१९ च्या बाविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक दिसली तरी जुने रबर कडक होते, भेगा पडतात. चेन मागच्या चक्रावरून ओढून पाहा. दात उघडे पडले की चेनसेट बदलायला आला.

इंजिन तापल्यावर धूर पाहावा. फोर-स्ट्रोकचा निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, तो खर्च लहान. चढावर गिअरमध्ये इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेटा संपल्या. टाकीत गंज आहे का ते टॉर्चने पाहावे, काडी पेटवून कधीच नाही. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीची पेट्रोलची नळी कडक किंवा फुगलेली दिसली तर ताबडतोब बदलावी.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहायची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरासह काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरले. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी धुतल्यावर चांगली दिसते. सीट उघडा, हेडलाईटची काच काढायला सांगा. कानाकोपऱ्यात वाळलेला गाळ आणि वायरच्या जोडावर हिरवट गंज सापडतो. ऑईल दुधासारखे दिसले तर इंजिनमध्ये पाणी आहे.

मॉडेलही गावचे घ्या. राजदूत बंद झाली, आर.एक्स. १०० ची निर्मिती १९९६ मध्ये थांबली. तरुण पोरांना तिचा मोह पडतो, पण सुटे भाग शोधण्यात मजुरीचे दिवस जातात. १९९४ पासून चालत आलेल्या स्प्लेंडरसारख्या गाडीचा भाग तालुक्याला कुठेही मिळतो.

चालवणारा हात

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याचा टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. तेव्हा आपल्यातल्याच एकाने लगाम धरला, पण त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्यांना कोणी गाडीत बसवून घेत नव्हते त्यांच्या लेकरांच्या दारात आज स्वतःची गाडी उभी राहते, हे लहान काम नाही. म्हणूनच ती नवख्या हाती देऊ नका. लायसन्स काढा, हेल्मेटचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या. मुलगा अठराचा होईपर्यंत चावी त्याच्या हाती नको.

सौद्याला जाताना घरधनीण सोबत असू द्या. पैसा तिच्याही कष्टाचा आहे आणि "पुस्तक कोणाच्या नावावर आहे?" हा प्रश्न तिने विचारला तर दलालाला तो टाळणे जड जाते.

जयभीम.