घणाचे दहा घाव

आमच्या सासूबाईंची विळी तीस वर्षांची. पातं झिजून बोटभर उरलंय, तरी भाजी असो की फणसाची कुयरी, सगळं तिच्यावरच. मी मात्र बाजारातल्या रंगीत मुठीच्या सुऱ्या आणायची. बोथट झाली की टाकली, दुसरी आणली. त्याचं कधी काही वाटलं नाही.

यंदा दिवाळीनंतर पालीला हायवेच्या कडेला एका घिसाडी कुटुंबानं पाल ठोकलं होतं. विळीला धार लावून घ्यायला गेले आणि तिथेच रमले. नवरा सांडशीत लालबुंद लोखंड धरून बसलेला, अन् घण कोण मारतंय? त्याची बायको, पदर खोचून! घिसाड्यांत ही रीतच आहे. आपल्या डोळ्यांसमोर मात्र लोहार म्हटलं की बाप्याच येतो.

"मी मारून बघू का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. "मारा की ताई. पन तापलंय तवर मारायचं, इचार करत बसायचं न्हाय."

दहा घाव घातले, त्यातले चार नुसत्या ऐरणीवर. खांदा आठवडाभर दुखला. लोखंड म्हणजे ट्रकचा जुना पाटा. त्याची सुरी होताना मी तासभर बघत बसले. लाल पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण तसंच ठेवलं तर काचेसारखं तुटतं. म्हणून ते घासून पुन्हा जरा शेकायचं, पिवळसर झाक येईपर्यंतच. मोजायला यंत्र नाही, सगळा नजरेचा खेळ. लाडवाचं बेसन भाजताना आपण तरी दुसरं काय करतो?

सुरी थोडी वाकडीच झालीय. कैरी चिरली की काळी पडते, ओली राहिली तर गंजते. स्टीलच्या सुरीत क्रोमियम असतं म्हणून ती गंजत नाही, हिच्यात ते नाही. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवावं लागतं. लेक म्हणते, "आई, केवढी कटकट!" असू दे. पण पिकलेला टोमॅटो न दाबता कापला जातो, तेव्हा मला अजून मजा वाटते.

शेजारणीनं त्याच पालावर कोयतीच्या तीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली. गेल्या वर्षी मीही केली असती. दुकानात छापील किमतीपुढे आपण चूप बसतो, आणि घाम समोर गळताना दिसला की भाव पाडतो. हे मला आता बरोबर वाटत नाही. आणि मी तरी कुठली शहाणी? सांगितले तेवढे पैसे दिले, पण सवयीनं नवऱ्याच्या हातात. घण मारणारी शेजारीच उभी होती. घरी पोचल्यावर ते लक्षात आलं.

पाल आता उठलंय. पुढच्या वर्षी आले, तर विळीला नवं पातं करून घ्यायचंय. पैसे तिच्या हातात देईन. सासूबाई मात्र अजून तयार नाहीत. म्हणतात, "माझं पातं आहे तेच बरं आहे हो!"