‘लेका’ म्हणण्याचा हक्क

चारचौघांत ‘नमस्कार, कसे आहात?’ म्हणणारा सभ्य गृहस्थ जिवलग दिसला की ‘काय लेका, मेला होतास काय इतके दिवस?’ असं विचारतो आणि समोरचाही ‘तुझ्याआधी बरा मरेन!’ म्हणत टाळी देतो. कोल्हापुरात या जागी ‘मर्दा’ येतो, नागपुरात ‘बे’, पुण्यात ‘राव’, मालवणीत ‘मेल्या’. यातले काही शब्द अनोळखी माणसाला उद्देशून वापरले तर भांडणच व्हायचं. मित्राच्या तोंडी ते गोड लागतात, कारण ते प्रेमापोटी आलेले असतात, असं आपण म्हणतो. हे उत्तर अपुरं आहे. प्रेमाचा दावा तर रागावणारा साहेबही करतो. शब्द गोड होतो तो परतफेडीच्या मुभेमुळे. ‘लेका’ म्हणणारा क्षणभर बापाची जागा घेतो. पण समोरच्यालाही तेच म्हणायची सोय असेल, तर दोघंही बाप आणि दोघंही लेक. हिशेब चुकता.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली युरोपीय भाषांतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’बद्दल हेच दाखवलं. दोघांनी एकमेकांना ‘तू’ म्हटलं तर ती जवळीक. एकानंच म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘तुम्ही’ म्हणायचं, तर ती सत्ता. आपल्याला हे कळायला युरोपात जायला नको. नाक्यावर मित्राला ‘ये बे’ म्हणणारा चहावाल्या पोऱ्यालाही ‘दोन कटिंग आण बे’ म्हणतो. पोऱ्यानं ‘आणतो बे’ म्हटलं तर मात्र त्याचा उद्धटपणा निघतो. गावगाड्यात तर वयानं मोठ्या माणसालाही जातीपायी अरे-तुरे ऐकून घ्यावं लागे आणि वर ‘जी’ म्हणावं लागे. ‘अरे’ तोच, पण एकतर्फी.

यावर कुणी म्हणेल, मुभा असली तरी ही भाषा गावंढळच. पण ‘मेल्या’ म्हणणारा तोच माणूस मित्राच्या आईशी अदबीनंच बोलतो. कुणाशी काय बोलावं याची जाण त्याला पुरती असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे शब्द आता स्वस्त झाले. ‘भावा’ म्हणत अनोळखी विक्रेताही गळ्यात पडतो. खेळातल्या जोडीदाराचा ‘भिडू’ तर जॅकी श्रॉफ यांच्या ओळखीशी इतका चिकटला, की त्याच्या विनापरवाना वापराविरुद्ध त्यांनी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. शब्द झिजतात, हे खरंच. मित्र मग नवे शोधतात. नाहीतर सरळ नावाचीच मोडतोड करतात. बदलत नाही ती परतफेडीची अट.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न: हसून साजरं करणाऱ्याच्या मनात काय चाललंय, हे कसं ओळखायचं? प्रत्येक टोळक्यात एखादा ‘जाड्या’ किंवा ‘काळ्या’ असतो, आणि तोही सगळ्यांबरोबर हसतो. त्याच्या हसण्यावर जाऊ नये. तो उलट काय म्हणतो आणि त्याचं म्हणणं बाकीचे किती खिलाडूपणे घेतात, ते पाहावं. त्यानं तोंड उघडताच कुणाचा चेहरा पडत असेल, तर त्या टोपणनावाला मैत्रीचं म्हणणं सोडून द्यावं आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारावी.