पैसे देऊन लेखिका?

मैत्रिणींनो, नातवंडांना सांगितलेल्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक निघावं, ही हौस आपल्यातल्या बऱ्याच जणींना असते. असावीच. पण मी बी. कॉम., आधी हिशोब बघते. खरा प्रकाशक कागद, छपाई, चित्रकार यांचा खर्च स्वतः करतो, वर लेखिकेला मानधन किंवा रॉयल्टी देतो. ज्याला आपणच पैसे मोजायचे आणि गठ्ठे घरी आणून रचायचे, त्याच्या वहीत आपण लेखिका नाही, गिऱ्हाईक. प्रभावनेला वाटायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग जालन्यातल्याच छापखान्यात भाव विचारा.

माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आणून बघा, ज्योत्स्ना प्रकाशनाचं. लहान मुलगी घरच्या माणसांची ओळख करून देते, एवढंच. चित्रंही त्यांचीच, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या आहेत त्या. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आपण मात्र चित्रात दिसणारी लाल साडी शब्दांतही लाल करतो, आणि शेवटी तात्पर्य सांगायला बसतो! ते सगळं आधी काढा, मग प्रकाशकाकडे पाठवा. उत्तराला महिने लागतील. तोवर चेकबुक कपाटातच राहू द्या.